सरासरी दिवसाचे मॉडेल आणि हरवलेली रांग : वाहतूक सिम्युलेशनसाठी प्रातिनिधिक दिवस कसा निवडावा?

खानापूररोडकर

काही वर्षांपूर्वी बेळगावातील एका चौकाच्या सिम्युलेशनचे, म्हणजे तिथल्या वाहतुकीची संगणकावर नक्कल करण्याचे काम मी करत होते. कामकाजाचे तीन दिवस ठरवून आम्ही कॅमेऱ्याने चित्रण केले, दर पंधरा मिनिटांची वाहनगणना केली, तिन्ही दिवसांची सरासरी काढली आणि त्या सरासरीवर मॉडेल बसवले. आकडे असे जुळले की आम्ही स्वतःवरच खूश होतो. सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर संध्याकाळचे साडेपाच वाजले, सहा वाजले आणि गाड्या एकामागून एक सुरळीत निघून गेल्या. त्याच चौकात दुकान असलेले एक वृद्ध गृहस्थ मागच्या खुर्चीवर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "हे सगळे छान आहे हो, पण रांग कुठे गेली? माझ्या पायरीला लागून रोज संध्याकाळी रिक्षा उभ्या असतात, त्या काय हौसेने उभ्या असतात?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते सापडायला बरेच दिवस गेले आणि सापडले तेव्हा लाज वाटण्याइतके सोपे निघाले.

समजा, चौकाच्या एका बाजूने पंधरा मिनिटांत जास्तीत जास्त ३०० वाहने सुटू शकतात. पहिल्या दिवशी साडेपाचच्या टप्प्यात ३६० वाहने आली आणि पुढच्या दोन टप्प्यांत २६०-२६०. दुसऱ्या दिवशी ३६० चा लोंढा पावणेसहाला आला, तिसऱ्या दिवशी सहाला. तिन्ही दिवशी कधी ना कधी ६० वाहने मागे अडकली, म्हणजे रांग रोज लागली. आता सरासरी काढा. प्रत्येक टप्प्यात ३६०, २६० आणि २६० यांची सरासरी येते २९३, आणि ती ३०० च्या आत बसते. त्यामुळे मॉडेलमध्ये एकाही टप्प्यात रांग लागत नाही. रोज घडणारी गोष्ट सरासरीत एकदाही घडत नाही! आम्ही ज्या दिवसावर मॉडेल बसवले होते, तो दिवस त्या चौकात कधी उगवलाच नव्हता.

सरासरीत आणखी एक दोष आहे. एका चौकाची गणना सोमवारची आणि पुढच्या चौकाची बुधवारची असेल, तर पहिल्यातून बाहेर पडलेली वाहने आणि दुसऱ्यात शिरलेली वाहने यांचा मेळ बसत नाही. मग तो बसवण्यासाठी आकडे हाताने ओढूनताणून जुळवले जातात. खऱ्या एकाच दिवसाच्या आकड्यांना ही गरज फारशी पडत नाही, कारण त्या दिवशी तीच वाहने तिथून निघून इथे पोहोचलेली असतात.

अमेरिकेच्या फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनने सूक्ष्म सिम्युलेशनविषयीची (ज्यात एकेका वाहनाची वेगळी नक्कल होते) आपली २००४ ची मार्गदर्शिका २०१९ मध्ये सुधारली, तेव्हा नेमका हाच मुद्दा पुढे आणला. वर्षभरातील दिवसांचे क्लस्टरिंगने गट पाडावेत, प्रत्येक गटातून प्रत्यक्ष घडलेला एक प्रातिनिधिक दिवस निवडावा आणि मॉडेल त्या दिवसावर बसवावे, अशी तिची शिफारस आहे. क्लस्टरिंग म्हणजे काही जादू नव्हे. प्रत्येक दिवस ही आकड्यांची एक ओळ समजायची. त्या ओळीत गर्दीच्या तासातील वाहनसंख्या, ठरावीक अंतराची प्रवासवेळ, पाऊस, अपघात, रेल्वे गेट किती मिनिटे बंद होते अशा नोंदी असतात. के-मीन्स या सर्वांत परिचित पद्धतीत गट किती हवेत ते आपण सांगतो. यंत्र तितकी केंद्रे घेते, प्रत्येक दिवस त्याच्या जवळच्या केंद्राला जोडते, मग केंद्र त्या दिवसांच्या मध्यावर सरकवते आणि दिवसांचे गट बदलायचे थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करते.

इथे एक सापळा आहे आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. के-मीन्सचे केंद्र हीसुद्धा सरासरीच असते. गट व्यवस्थित पाडून शेवटी केंद्राच्या आकड्यांवर मॉडेल बसवले, तर हरवलेली रांग मागच्या दाराने पुन्हा हरवते. म्हणून केंद्राच्या सर्वांत जवळचा खरा दिवस शोधायचा आणि केंद्र सोडून द्यायचे.

आपल्या भागात असे गट पाडायचे झाल्यास त्या ओळीत कोणत्या नोंदी असाव्यात, हे मला आपणा सर्वांकडून समजून घ्यायचे आहे. माझा अनुभव शहरापुरता आणि खानापूर रोडपुरता आहे.

निवृत्त_रस्तेवाला

ताई, विषय चांगला काढलात. माझी सगळी नोकरी रस्त्यांच्या खात्यात गेली, त्यामुळे आमच्या वेळची पद्धत नोंदवून ठेवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९ (१९७२) या मार्गदर्शिकेप्रमाणे शहराबाहेरील रस्त्यांची गणना वर्षातून किमान दोनदा, प्रत्येक वेळी सलग सात दिवस आणि चोवीस तास करायची असते. एक गणना सुगीच्या आणि बाजाराच्या भरातील आणि दुसरी मंदीच्या काळातील. म्हणजे वर्षात एकाच प्रकारचे दिवस नसतात, हे त्या लोकांना पन्नास वर्षांपूर्वीही ठाऊक होते. फक्त प्रकार दोनच मानले होते आणि ते आधीच ठरवून टाकले होते.

त्याच मार्गदर्शिकेत असेही म्हटले आहे की जत्रा किंवा प्रदर्शन असेल तर गणना काही दिवस पुढे ढकलावी आणि वाहतूक पूर्ववत झाल्यावर करावी. आम्ही हे इमानेइतबारे पाळले. पण सौंदत्तीच्या रस्त्यावर यल्लम्माच्या पौर्णिमा वगळल्या, तर त्या रस्त्याचे नेमके काय शिल्लक राहते, हा प्रश्न मला तेव्हाही पडत असे. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला तिथे जे लोटते, ती त्या रस्त्याची नित्याची वाहतूक आहे, फक्त ती रोज येत नाही.

बोगारवेस

मला यात एक शंका आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा दिनदर्शिका समोर ठेवावी, कामकाजाचे दिवस, शनिवार, रविवार आणि सण असे चार गट करावेत आणि मोकळे व्हावे. खासबागचा बाजार रविवारी भरतो, हे शोधायला संगणक कशाला हवा?

खानापूररोडकर

बोगारवेस, आपली शंका रास्त आहे आणि सुरुवातीला माझेही तेच म्हणणे होते. खासबागच्या बाजारासारखी गोष्ट दिनदर्शिकेतून समजते, हे मान्य. पण दिनदर्शिका कारण सांगते आणि मॉडेलला परिणाम हवा असतो. पावसाळ्यातला जोरदार सरींचा मंगळवार आणि जानेवारीतला कोरडा मंगळवार हे दिनदर्शिकेच्या लेखी भाऊ आहेत, रस्त्याच्या लेखी परके. उलट डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते, तेव्हा हलगा-बस्तवाडकडील महामार्गावर आणि शहरात येणाऱ्या रस्त्यांवर जी परिस्थिती असते, ती कदाचित एखाद्या मोठ्या लग्नतिथीच्या दिवसाशी जुळेल. ती कारणे एकत्र ठेवण्याचे दिनदर्शिका बघणाऱ्याच्या मनातही येणार नाही.

पिरनवाडीचे उदाहरण घ्या. तिथून एक वाट खानापूरकडे जाते आणि दुसरी जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्याकडे. गोव्याला जाणारा भाजीपाला पहाटे निघतो, उद्यमबागेतील कारखान्यांची पाळी सकाळी आणि संध्याकाळी सुटते आणि सुट्टीला लागून आलेल्या शुक्रवारी गोव्याची मोटारगर्दी त्यात मिसळते. म्हणजे काही शुक्रवार गुरुवारसारखे वागतात आणि काही शनिवारसारखे. दिनदर्शिकेने 'शुक्रवार' असा एकच गट केला, तर त्या गटाची सरासरी दोन्हींसारखी नसते.

दिनदर्शिका मी शेवटी वापरते. गट पडल्यावर कोणत्या गटात कोणते वार आणि कोणत्या तिथी आल्या ते बघायचे. अर्थ लागला, तर गटांवर विश्वास बसतो. अजिबात लागला नाही, तर बहुधा आपल्या नोंदींमध्ये काहीतरी चुकलेले असते.

संकेश्वरी_मिरची

ताई, आमच्या घरचा ऊस आहे आणि वाहतुकीचा ट्रॅक्टरही आहे, म्हणून ग्रामीण बाजू सांगतो. संकेश्वर, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यात वर्षाचे दोनच भाग असतात, गळीत हंगाम सुरू असलेला आणि बंद असलेला, असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात हंगामातले दिवसही सारखे नसतात. कारखान्यात काही बिघाड होऊन गाळप थांबले की गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस टाकतात तिथपर्यंत, गाड्या सरकत नाहीत, वजनकाट्यापासून मागे आवाराबाहेर ट्रॅक्टर उभे राहतात आणि तोडणीच्या टोळ्याही हात आखडता घेतात. त्या दिवशी रस्ता हंगाम नसल्यासारखा मोकळा असतो. गाळप पुन्हा सुरू झाले की अडकलेल्या रिकाम्या गाड्या एकदम गावांकडे सुटतात आणि दुसऱ्या दिवशी भरलेल्या गाड्यांचा पूर येतो.

दुसरी गोष्ट अशी की दोन ट्रॉल्या लावलेला भरलेला ट्रॅक्टर चढावर माणूस चालतो तेवढ्याच वेगाने जातो. त्याच्यामागे दहा-बारा गाड्यांची माळ लागते, कारण दोन्ही बाजूंना उसाची वाढी लोंबत असतात आणि पुढचे काही दिसत नाही. तुमच्या गणनेत तो एक ट्रॅक्टर धरला जातो. रस्त्यावर मात्र त्या वेळेपुरता तोच रस्ता असतो. म्हणून 'हंगाम आहे की नाही' अशी नोंद ठेवण्यापेक्षा त्या दिवशी किती भरलेले ट्रॅक्टर गेले याची नोंद ठेवावी, असे मला वाटते.

खानापूररोडकर

संकेश्वरी_मिरची, हे मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. मी माझ्या तक्त्यात 'हंगाम' असा एक स्तंभ केला होता आणि त्यात शून्य किंवा एक एवढेच लिहिले होते. तो आता काढून टाकते. ट्रॅक्टरची वेगळी मोजणी आणि चढाच्या टप्प्यावरील प्रवासवेळ असे दोन स्तंभ त्याच्या जागी घालते.

टिळकवाडी_एमटेक

ताई, काका, मी एमटेक करतो आणि याच विषयावर प्रकल्प घेतला आहे. माझे गट विचित्र येत आहेत. एकाच गटात दिवाळीच्या सुट्टीचे शांत दिवस आणि भयंकर कोंडीचे दिवस एकत्र आले आहेत. मी गर्दीच्या तासातील वाहनसंख्या आणि प्रवासवेळ हे दोनच स्तंभ घेतले आहेत. प्रवासवेळ मिनिटांत आहे. माझे काय चुकत असावे?

खानापूररोडकर

एककांची गडबड असावी. तीन काल्पनिक दिवस घेऊन बघा. पहिल्या दिवशी २,४०० वाहने आणि प्रवासवेळ १२ मिनिटे, दुसऱ्या दिवशी २,१०० वाहने आणि १२ मिनिटे, तिसऱ्या दिवशी २,४०० वाहने आणि २६ मिनिटे. यंत्राच्या हिशेबात पहिल्या आणि दुसऱ्या दिवसातले अंतर ३०० आहे आणि पहिल्या व तिसऱ्यातले फक्त १४. म्हणून ते पहिल्याला आणि तिसऱ्याला जुळे ठरवते. गाडीत बसलेल्या माणसाला विचारा, तो तिसऱ्या दिवसाला शिव्या देईल! यावर उपाय म्हणजे प्रत्येक स्तंभातून त्याची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने, म्हणजे त्यातले आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत त्या मापाने, भागणे. मग सगळे स्तंभ एकाच मापात येतात.

आता शांत दिवस आणि कोंडीचे दिवस एकत्र का आले, ते बघा. चौकाच्या तोंडाशी मोजलेली वाहनसंख्या म्हणजे आलेली वाहने नव्हेत, ती सुटलेली वाहने असतात. कोंडी वाढली की चौकातून सुटणारी वाहने कमी होतात आणि गणनेचा आकडा खाली जातो. सुट्टीच्या दिवशीही आकडा खालीच असतो. केवळ संख्या पाहणाऱ्याला दोन्ही दिवस सारखे दिसणारच. आपण प्रवासवेळ घेतली होती, पण मिनिटांच्या लहान आकड्यांमुळे तिचा आवाज त्यात ऐकूच आला नाही.

दोन स्तंभ एकमेकांशी घट्ट बांधलेले असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. सकाळची संख्या, दुपारची संख्या आणि संध्याकाळची संख्या असे तीन स्तंभ घातले, तर आपण तीच गोष्ट तीनदा सांगतो आणि तिचे वजन नकळत तिप्पट होते. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले अंतर या संबंधांचा हिशेब धरते. ते वापरून बघावे किंवा सरळ स्तंभ कमी करावेत. मी बहुतेक वेळा स्तंभ कमी करते, कारण मग बैठकीत समजावून सांगणे सोपे जाते.

निवृत्त_रस्तेवाला

गट किती पाडायचे, हे कोण ठरवते? आमच्यासारख्यांना प्रत्येक गटामागे एक मॉडेल, म्हणजे एक खर्च दिसतो.

खानापूररोडकर

काका, याचे गणिती उत्तर आहे आणि व्यवहाराचेही. संख्याशास्त्रज्ञ पीटर रूसेऊ (Rousseeuw) यांनी १९८७ मध्ये सुचवलेला सिलुएट हा निर्देशांक उणे एक ते एक या दरम्यान येतो आणि प्रत्येक दिवस आपल्याच गटात किती शोभतो ते सांगतो. दोन गटांपासून आठ-दहा गटांपर्यंत तो काढून बघतात. पण एका मॉडेलचे कॅलिब्रेशन करायला, म्हणजे ते प्रत्यक्ष आकड्यांशी जुळवून घ्यायला, आठवडेच्या आठवडे जातात, त्यामुळे गणित सहा गट म्हणाले, तरी व्यवहार तीन-चारवर थांबतो. एखाद्या गटात वर्षभरातील दोनच दिवस असतील, तर त्याचे मॉडेल करू नये. पुरामुळे यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला ते २०१९ आणि २०२१ चे दिवस, शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र, गणेश विसर्जन आणि कर्नाटक राज्योत्सवाचा १ नोव्हेंबर हे दिवस मी गट पाडण्याआधीच बाजूला काढते. वाहतूक वळवण्याच्या आराखड्यासाठी ते अभ्यासावेतच, पण के-मीन्समध्ये ठेवले तर असा एकटा दिवस अख्खे केंद्र स्वतःकडे ओढून नेतो. सौंदत्तीच्या पौर्णिमांना मात्र मी हा नियम लावणार नाही. आपण म्हणालात तेच खरे, तिथे तो एक स्वतंत्र गट आहे.

खर्चाचे समर्थन असे करता येते. समजा, विचारात घेतलेल्या ३०० दिवसांपैकी १८० दिवस पहिल्या गटात, ९० दुसऱ्यात आणि ३० तिसऱ्यात आहेत. नव्या सिग्नल व्यवस्थेने या गटांत दर वाहनामागे अनुक्रमे १, ३ आणि ८ मिनिटे वाचतात. दिवसांच्या वजनाने हिशेब केला, तर सरासरी बचत २.३ मिनिटे येते. फक्त 'नेहमीच्या' गटाचेच मॉडेल केले असते, तर १ मिनिट दिसले असते आणि प्रस्ताव बारगळला असता.

बोगारवेस

माझा विरोध थोडा मावळला आहे. पण मॉडेल त्या खऱ्या दिवसाशी जुळले, हे कशावरून समजायचे? अहवालात नेहमी 'जीईएच पाचच्या आत' असे लिहिलेले असते.

खानापूररोडकर

जीईएच म्हणजे निरीक्षणातली आणि मॉडेलमधली वाहनसंख्या यांतला फरक एका आकड्यात सांगणारा निर्देशांक. २००४ च्या मार्गदर्शिकेत तो निकष होता. ८५ टक्के ठिकाणी जीईएच पाचच्या खाली आला पाहिजे, असे त्यात सांगितले होते. निरीक्षणात १,००० वाहने आणि मॉडेलमध्ये १,१०० असतील, तर जीईएच सुमारे ३.१ येतो. पण निरीक्षणात १०० आणि मॉडेलमध्ये १५० असतील, तरीही तो ४.५ च्या आसपास येतो, म्हणजे मॉडेलचा आकडा दीडपट असूनही उत्तीर्ण. छोट्या गल्लीच्या तोंडाशी हा निकष जवळजवळ निरुपयोगी आहे. शिवाय तो संख्येवर चालतो आणि संख्या कोंडीत कशी फसवते, ते वर आलेच आहे.

२०१९ च्या आवृत्तीत वेगळा विचार आहे. ज्या गटातून प्रातिनिधिक दिवस घेतला, त्याच गटातील इतर दिवसांचा चढउतार किती आहे, यावरून प्रत्येक वेळेच्या टप्प्यासाठी वरची आणि खालची मर्यादा आखतात. मॉडेलचे उत्तर बहुतेक टप्प्यांत त्या पट्ट्याच्या आत राहिले पाहिजे. म्हणजे गट पाडण्याचे काम दिवस निवडून संपत नाही, किती चूक माफ आहे हेही तोच गट सांगतो. संध्याकाळी सहाला रोज अनिश्चित असणाऱ्या चौकाला ढील मिळते आणि दुपारी दोनला रोज सारख्या असणाऱ्या चौकाला मिळत नाही. मला हे फार न्याय्य वाटते.

टिळकवाडी_एमटेक

ताई, मग एक व्यावहारिक कोडे उरते. गट पाडायला कित्येक महिन्यांचे दिवस लागतात. प्रातिनिधिक दिवस कोणता, ते गट पाडल्यावर समजते. पण त्या दिवसाची वळणनिहाय सविस्तर गणना तर त्याच दिवशी झालेली असायला हवी. तो दिवस निघून गेलेला असतो.

खानापूररोडकर

हे कोडे मलाही पडले होते. त्यातून निघालेली वाट अशी की चित्रण स्वस्त आहे आणि मोजणी महाग. परवानगी घेऊन कॅमेरा सलग चालू ठेवायचा, चित्रण साठवायचे आणि मोजायचे काहीच नाही. गट पाडण्यासाठी रोज आपोआप मिळणाऱ्या नोंदी वापरायच्या, म्हणजे मोबाइलच्या नकाशावरून ठरावीक अंतराने टिपलेली प्रवासवेळ, पावसाची नोंद, गेट बंद असल्याच्या वेळा आणि आता संकेश्वरी_मिरची यांचे ट्रॅक्टर. गट पडले की प्रत्येक गटातील केंद्राजवळचे तीन दिवस क्रमाने लिहायचे आणि फक्त त्यांचेच चित्रण मोजायला बसायचे. तीन अशासाठी की पहिल्या दिवशी नेमका वीजपुरवठा गेलेला असतो किंवा भिंगावर कोळ्याने जाळे केलेले असते.

निवृत्त_रस्तेवाला

बाळा, तुझा चौक कोणता ते मला निरोपातून कळव. आमची गच्ची टिळकवाडीतल्या एका चौकाच्या अगदी कोपऱ्यावर आहे आणि चारही रस्ते दिसतात. कॅमेरा लावायला माझी हरकत नाही. एक अडचण मात्र आहे. समोरचा गुलमोहर पावसाळ्यात एवढा डवरतो की उद्यमबागेकडून येणारी बाजू त्याच्या आड जाते.

टिळकवाडी_एमटेक

काका, खूप आभार, तोच चौक आहे. गुलमोहराचे सांगितलेत ते फार बरे झाले, नाहीतर पावसाच्या गटातील सगळे दिवस एका बाजूने आंधळे निघाले असते. समोरच्या इमारतीत माझ्या मित्राची खोली आहे, दुसरा कॅमेरा तिथून त्या बाजूवर रोखतो. रविवारी सकाळी येऊन दोन्ही ठिकाणांहून काय दिसते ते बघून जातो.